संमीलन आणि उन्मीलन : खग्रास ग्रहण पाहिलेल्यांविषयी

मराठी साहित्य मंडळाच्या या अंकासाठी मी "पंचांगातली मराठी" या विषयावर लिहीन असं बैठकीत म्हणाले, तेव्हा दोघं-तिघं हसले. कॅथलिक मुलगी आणि पंचांग! हसण्यात वाईट काही नव्हतं. आमच्या घरी भिंतीवर पॅरिशचं कॅलेंडर असतं, त्यात संतांचे सण आणि उपवासाचे दिवस असतात, तिथी-नक्षत्रं नसतात. पंचांग मी पहिल्यांदा हातात घेतलं ते शेजारच्या काकूंकडे, आणि तेही फक्त पाच शब्दांसाठी. लेख त्या पाच शब्दांवरच लिहायचा होता. पण ते शब्द मला जिथे घेऊन गेले तिथून परत यायला बराच वेळ लागला, म्हणून हा लेख थोडा विस्कळीत झाला आहे. आमच्या सरांनी तो तसाच ठेवायला हरकत घेतली नाही.

शब्द असे आहेत : स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष.

खग्रास सूर्यग्रहणाच्या या पाच वेळा. चंद्राची कड सूर्याच्या कडेला लागते तो स्पर्श. सूर्य पूर्ण झाकला जातो ते संमीलन. मग मध्य. सूर्याची पहिली कड पुन्हा बाहेर येते ते उन्मीलन. आणि चंद्र पूर्ण बाजूला झाला की मोक्ष, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो तसं "ग्रहण सुटलं". इंग्रजी पुस्तकांत यांना पहिला संपर्क, दुसरा संपर्क, तिसरा, चौथा असे नंबर दिलेले असतात. आपल्याकडे नावं आहेत. त्यातली मधली दोन नावं मला थांबवून गेली. मला आधी वाटलं होतं की संमीलन म्हणजे मीलन, भेट. सूर्य आणि चंद्र भेटतात म्हणून. पण ते तसं नाही. "मील्" म्हणजे डोळे मिटणं. निमीलित नेत्र म्हणतो ना आपण, तेच. संमीलन म्हणजे डोळा पूर्ण मिटणं आणि उन्मीलन म्हणजे डोळा उघडणं. कोणीतरी फार पूर्वी आकाशाकडे पाहिलं आणि त्याला ते डोळ्यासारखं वाटलं. गणिताच्या कोष्टकात हा शब्द बसला आणि तिथेच राहिला.

"खग्रास" हा शब्दही तसाच. ग्रास म्हणजे घास, आणि ख म्हणजे आकाश. गणितात झाकलेला भाग सूर्याच्या बिंबापेक्षा मोठा निघाला, तर बिंब गिळून उरलेला घास आकाशाचा धरायचा. सूर्य खाऊनही भूक उरली म्हणून थोडं आकाशही खाल्लं! आपण हा शब्द वर्तमानपत्रात इतक्या सहज वाचतो की त्यात काय भरलंय ते जाणवतच नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे शब्द वापरणाऱ्यांना राहू-केतूची गोष्ट माहीत होती, आणि चंद्राची सावलीही माहीत होती. आर्यभटाने इ.स. 499 मध्येच लिहून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये "ग्रहलाघव" लिहिला. त्यात ग्रहांची आणि ग्रहणांची गणितं ज्या-कोज्यांच्या जंजाळाशिवाय करता येतील अशा रीती दिल्या, आणि पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर चालली. म्हणजे एका हातात मिनिटा-मिनिटाचं गणित, आणि दुसऱ्या हातात लोणच्याच्या बरणीवर ठेवायचा दर्भ. आपण आज या दोन गोष्टींना एकमेकांच्या विरुद्ध उभं करतो. त्या लोकांच्या स्वयंपाकघरात त्या शेजारी-शेजारी होत्या.

आता काकूंविषयी. काकू दौलतगंजात आमच्या समोरच्या घरात राहतात. त्यांचं कुटुंब शिंद्यांच्या काळापासून लष्करात. (बाहेरच्या वाचकांसाठी : ग्वाल्हेरचं "लष्कर" म्हणजे सैन्य नव्हे, वस्ती. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे छावणी केली ती मुक्कामाला आली आणि गेलीच नाही.) आम्ही ग्वाल्हेरला आलो ते बाबांच्या नोकरीमुळे, मी तीन वर्षांची असताना. आमच्या घरी ग्रहण पाळत नाहीत. पण आई शेजार पाळते. ग्रहणात काकूंच्या घरी चूल बंद असते म्हणून आमच्याकडेही त्या वेळात फोडणी टाकायची नाही, वास जातो. हा नियम कोणी सांगितलेला नाही.

माझं स्वतःचं ग्रहणाचं खातं फार गरीब आहे. 22 जुलै 2009 ला मी पाच वर्षांची होते. त्या सकाळी चंद्राची सावली सुरतेकडून भारतात आली, इंदूर, उज्जैन, भोपाळ करत वाराणसी, पाटण्याकडे गेली. ग्वाल्हेर तिच्या पट्ट्याच्या उत्तरेला राहिलं. मला आठवतं ते एवढंच की पावसाळी अंधार होता आणि आईने मला गॅलरीतून आत ओढलं. त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या विमानतळावरून वायुदलाचं मिराज 2000 ग्रहणाचं चित्रण करायला उडालं होतं, हे मी मोठेपणी वाचलं. गावाला ग्रहण दिसलं नाही, पण गावचं विमान जाऊन पाहून आलं! नंतर जून 2020 चं कंकणाकृती. ते कुरुक्षेत्र, डेहराडूनकडे. इथे खंडग्रास. मग 25 ऑक्टोबर 2022, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि ग्रहणाचा चष्मा घेऊन गच्चीवर गेले होते. सूर्याचा एक लचका तुटलेला दिसला, मग तो तसाच मावळला. छान होतं. फोटो काढून स्टेटसला टाकला आणि खाली येऊन सरळ अभ्यासाला बसले.

दुसऱ्या दिवशी काकूंना तो फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला (त्यांना काचबिंदू आहे, कडेचं दिसत नाही), पाहिला, आणि म्हणाल्या, "हे ग्रहण नव्हे गं. ही तर ग्रहणाची चौकशी झाली."

त्या वाक्यावरून मला कळलं की काकूंनी खरं ग्रहण पाहिलंय.

24 ऑक्टोबर 1995. तेही दिवाळीतच, लक्ष्मीपूजन 23 ला झालं आणि 24 ला सकाळी ग्रहण. त्या दिवशीची सावली राजस्थानात नीम का थाना, मग फत्तेपूर सिक्री, पुढे अलाहाबादजवळ इरादतगंज आणि शेवटी बंगालमध्ये डायमंड हार्बर अशी गेली. पट्टा अगदी अरुंद होता, पन्नासेक किलोमीटरच्या आतला. ग्वाल्हेर या खेपेला पट्ट्याच्या दक्षिणेला राहिलं. म्हणजे 1995 ला सावली आमच्या वरून गेली आणि 2009 ला खालून. दोन्ही वेळा चुकामूक.

काकूंकडे त्या वर्षीचं, शके 1917 चं पंचांग अजून आहे. मी ते पाहायला गेले होते ते पाच शब्दांसाठी. आणि गंमत अशी की त्यातले दोन शब्द ग्वाल्हेरला लागूच नव्हते. जिथे ग्रहण खग्रास नाही तिथे स्पर्श, मध्य, मोक्ष एवढंच. डोळा पूर्ण मिटलाच नाही तर उघडणार कसा?

पण काकूंचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. काका भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांनी ठरवलं होतं की जायचं. ग्रहणाचे वेध संध्याकाळपासूनच लागलेले, घरात लक्ष्मीपूजन, फराळ कधी खायचा यावरून वाद, आणि त्यात मुलगा नव्या सुनेला घेऊन ग्रहण "बघायला" निघालेला. सासूबाई बोलल्या नाहीत. फक्त एका डब्यात चकल्या आणि तुळशीची पानं दिली. रात्री दोन वाजता मित्राच्या जीपमधून सात जण निघाले. मुरैना, चंबळचा पूल, धौलपूर, आणि उजाडताना सिक्री.

पुढचं मी काकूंच्याच शब्दांत लिहून घेतलं आहे. त्यांची मराठी ग्वाल्हेरची आहे, ती मी सुधारली नाही.

"आधी तासभर काहीच नाही बघ. चष्म्यातून बघा, ठेवा, बघा, ठेवा. लोक चाय पीत होते. मग ऊन कसं विचित्र झालं. म्हणजे कमी नाही झालं, पातळ झालं. दूध पातळ होतं ना पाणी घातलं की, तसं. आणि सावल्या अशा धारदार, माझ्या हाताचे केस दिसत होते जमिनीवर. मग ठंड. एकदम. मी शाल शोधत होते. पोपट ओरडत होते झाडावर, ते चूप झाले. आणि पश्चिमेकडून, अगं, ते आलं. काळं. आवाज नाही, काही नाही, आणि इतकं मोठं काही तरी आपल्याकडे येतंय. मला वाटलं पळावं. मग वर बघितलं तर सूर्य नव्हता. तिथे भोक होतं. काळं भोक आणि त्याच्याभोवती पांढरे केस मोकळे सोडल्यासारखे. बाजूला चांदणी. सकाळचे साडेआठ. माझ्या तोंडून 'देवा' एवढंच निघालं, आणि शेजारी एक गोरी बाई होती ती रडत होती, तिने माझा हात धरला, मी तिचा धरला. कोण कुठली."

"किती वेळ?" मी विचारलं.

"काका म्हणायचे पन्नास सेकंद पण नाही पुरते. मला माहीत नाही. मला तो वेळ असा मोजता नाही येत."

ग्वाल्हेरात त्याच वेळी काय झालं तेही मी गल्लीतल्या इतरांना विचारलं. सूर्य इथेही नव्वद टक्क्यांहून बराच जास्त झाकला गेला होता. चार जणांनी सांगितलं, "हो, जरा अंधारलं होतं, ढगाळल्यासारखं." एकाने सांगितलं की आम्ही टीव्हीवर बघितलं. एवढंच! एखाद्या परीक्षेत नव्वदच्या वर मिळाले तर आपण पेढे वाटतो. इथे नव्वदच्या वर म्हणजे जवळजवळ शून्य. असं का, हे मला नीट कळत नव्हतं, म्हणून थोडं वाचलं.

उत्तर साधं आहे. सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे 4 लाख पट तेजस्वी आहे. त्यातला फक्त शंभरावा भाग उघडा राहिला, तरी तो 4 हजार पौर्णिमांएवढा उजेड देतो. आणि सूर्याभोवतीचं ते प्रभामंडल, काकूंचे "मोकळे सोडलेले केस", पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण निम्म्याएवढं. 4 हजार दिव्यांपुढे अर्धा दिवा कोणाला दिसणार? ते रोज तिथे असतंच. आत्ता, हे वाचताना, दिवस असेल तर आत्ताही आहे. त्याला दिसायला शेवटचा एक टक्काही जावा लागतो. म्हणून खंडग्रास आणि खग्रास यांत कमी-जास्तचा फरक नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हे जमतं ते एका योगायोगामुळे : सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे 400 पट, आणि सूर्य चंद्राहून सुमारे 400 पट लांब, म्हणून दोघं आपल्याला एकाच मापाचे दिसतात. पृथ्वीवरच्या एखाद्या ठरावीक जागी हे सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा घडतं. ग्वाल्हेरची तक्रार मग तेवढी मोठी राहत नाही.

याच वाचनात आपल्याकडच्या जुन्या ग्रहणांची माणसं भेटली, आणि माझा लेख पंचांगातून बाहेर पडला.

18 ऑगस्ट 1868 चं ग्रहण फार लांब होतं. भारतात पाच मिनिटांच्या वर अंधार होता. लेफ्टनंट जॉन हर्शेल तेव्हा जमखंडीला आले. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात, पण तेव्हा दरबार मराठीच. हर्शेल यांचे वडील आणि आजोबा दोघंही जगप्रसिद्ध ज्योतिर्विद. आजोबांनी तर युरेनस शोधलेला. एवढा वारसा घेऊन माणूस दुर्बीण लावून बसला आणि ऐन वेळी ढग येऊ-जाऊ लागले. ऑगस्टच तो. ढगांच्या फटीत जे काही क्षण मिळाले त्यात त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळेच्या वर्णपटात तीन ठळक रेषा दिसल्या : लाल, नारिंगी, निळी. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू, हे त्यावरून ठरलं. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते, तिथे आकाश चांगलं होतं. त्यांना त्या रेषा इतक्या लख्ख दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांनी त्या पाहिल्या. ती नारिंगी-पिवळी रेषा बहुतेकांनी आधी सोडियमची मानली. पण ती सोडियमच्या जागी नेमकी बसत नव्हती. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, तिचा पाठपुरावा केला. तिच्यातून हेलियमचं नाव निघालं, आणि पृथ्वीवर तो वायू रॅमसे यांना सापडला तो थेट 1895 मध्ये.

इथे एक दुरुस्ती करते, कारण मी स्वतः शाळेतल्या भाषणात हे चुकीचं सांगून बक्षीस घेतलंय. विजयदुर्ग किल्ल्यावर "साहेबाचे कट्टे" आहेत आणि लॉकियरसाहेबांनी 1868 मध्ये तिथूनच हेलियम शोधला असं सांगितलं जातं. 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही होतो. पण 1868 मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, मेलपोमिनी या युद्धनौकेच्या खलाशांना मदतीला घेऊन. कट्टे खरे, साहेब खरा, ग्रहण वेगळं. मला वाटतं यात विजयदुर्गचं काही कमी होत नाही. समुद्रातल्या किल्ल्यावर नौसैनिक एकेका दुर्बिणीपाशी उभे राहून अंधाराची तालीम करतायत, हे चित्र कुठल्याही वायूच्या शोधाइतकंच चांगलं आहे.

1898 चं ते ग्रहण तर जणू महाराष्ट्राचंच होतं. सावली विजयदुर्गला किनाऱ्याला लागली आणि तिरकी वर गेली. सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळ जेऊर स्टेशन आहे. तिथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन बसले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही. विदर्भात तळणीला अॅनी माँडर आणि त्यांचे पती. पुढे शहडोल, बक्सर. आणि डुमरावला कोलकात्याच्या सेंट झेवियर्सचे फादर द कांपिन्यूल आणि त्यांचे येशूसंघीय सोबती, ज्यांनी आपल्या निरीक्षणांचं एक वेगळं पुस्तकच काढलं. (आमच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "फादर लोकांना मिस्सा सोडून एवढा वेळ कसा मिळायचा?")

ते दिवस कसले होते हेही लक्षात घ्या. मुंबई-पुण्यात प्लेग. रँडचा खून होऊन सातच महिने झालेले. "ओरायन" लिहिणारे, आकाशावरून वेदांचा काळ काढू पाहणारे टिळक तुरुंगात. आणि या सगळ्यात जगाच्या चार कोपऱ्यांतून माणसं पेट्या-पेट्यांनी काचा आणि पितळ घेऊन जेऊरच्या माळावर उतरतात, ते फक्त दोनेक मिनिटांसाठी. आकाश सगळीकडे स्वच्छ राहिलं.

अॅनी माँडर माझ्या सगळ्यात आवडीच्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या कामाला होत्या, पण लग्न झालं आणि तिथली नोकरी सोडावी लागली. बायकांसाठी नियमच तसा होता. तळणीला त्या पगारी शास्त्रज्ञ म्हणून आल्या नव्हत्या. कॅमेरा लहानसा होता. आणि त्या छोट्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक लांबच लांब किरण टिपला. तोपर्यंत कोणाच्याही फोटोत एवढा लांब आलेला नव्हता.

मला या सगळ्यांविषयी एक प्रश्न पडला, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्याचाच आहे. यांनी *पाहिलं* का? वर्णपट बघणारा माणूस अंधार होताच डोळा काचेला लावतो. त्याला रेषा दिसतात. फोटो घेणारा सेकंद मोजतो, काच बदलतो, पुन्हा मोजतो. तालमी अशासाठीच की हात थरथरू नये आणि मान वर होऊ नये. ज्याच्यासाठी अर्ध जग ओलांडलं त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, कारण कोणीतरी घड्याळाचे सेकंद मोठ्याने ओरडायला हवेत. अहवालांत मग आकडे असतात, वेळा असतात. आश्चर्य असतं ते एखाद्या ओळीत, दोन कोष्टकांच्या मधे, थोडं संकोचून. साक्षीदार म्हणून यांचं म्हणणं जग मानतं. पण पन्नास सेकंदांत शाल शोधणाऱ्या, परक्या बाईचा हात धरणाऱ्या काकूंची साक्ष कुठे नोंदवायची?

माझ्या आतल्या कॅथलिक मुलीला इथे गुड फ्रायडे आठवतो. दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला असं आपण दरवर्षी वाचनात ऐकतो. लहानपणी मला खात्री होती की ते ग्रहणच. तसं ते असू शकत नाही : ओलांडण सण पौर्णिमेला येतो आणि सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होतं. शिवाय खग्रास अवस्था साडेसात मिनिटांच्या वर टिकत नाही, तीन तास तर सोडाच. पौर्णिमेचा हा मुद्दा तिसऱ्या शतकातल्या ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकानेच मांडला होता. मला ते वाचून वाईट नाही वाटलं. साक्ष देणाऱ्यांना अंधाराचं कारण सांगायचं नव्हतं, अंधार सांगायचा होता. काकूंचंही तसंच आहे.

शेवटचं राहिलं ते काकांचं. मी काकूंना विचारलं की काकांनी काय पाहिलं. त्या हसल्या आणि आत जाऊन एक पाकीट घेऊन आल्या. काकांनी मित्राची याशिका आणली होती, तिपाई आणली होती, कागदावर लिहून ठेवलं होतं की किती सेकंदांना कुठलं बटण. अंधार झाला आणि रोल पुढे सरकेना. ते खाली वाकून, अंधारात, रोलशी झटत राहिले. काकू म्हणाल्या, "मी त्यांना ओरडून सांगितलं, अहो वर बघा, वर बघा! ते म्हणाले, हो हो, एक मिनिट." एक मिनिट तिथे नव्हतंच. त्यांनी मान वर केली तेव्हा हिऱ्याच्या अंगठीसारखी सूर्याची पहिली कड बाहेर आली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. उन्मीलन.

पाकिटात एक फोटो आहे. काळा. मधे एक पांढरा ठिपका, हललेला.

परत येताना चंबळच्या पुलापर्यंत ते बोलले नाहीत. पण नंतर आयुष्यभर ते वर्गात दर वर्षी खग्रास ग्रहण शिकवायचे आणि काकूंनी पाहिलेलं सांगायचे : पातळ झालेलं ऊन, गप्प झालेले पोपट, पश्चिमेकडून आलेलं ते काळं. विद्यार्थ्यांना वाटायचं सरांनी पाहिलंय. "मी काही बोलायची नाही," काकू म्हणाल्या. "माझ्याकडून ऐकून-ऐकून त्यांना ते माझ्याहून चांगलं येत होतं." काका जाऊन आता सहा वर्षं झाली. काकूंच्या डोळ्यांचं मी वर लिहिलंच आहे. डॉक्टर म्हणतात जे गेलं ते येणार नाही, उरलेलं सांभाळायचं.

मी त्यांना सांगितलं की पुढचं खग्रास ग्रहण भारतात 20 मार्च 2034 ला आहे, लडाखमध्ये, कारगिलच्या बाजूला. तेव्हा मी तिशीची असेन. 2 ऑगस्ट 2027 ला एक मोठं आहे, इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांच्या वर अंधार, पण ते आपल्याकडे खंडग्रासच, तेही पश्चिमेकडे.

काकूंनी बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाल्या, "कारगिलला मार्चमध्ये बर्फ असेल ना? तू वर बघ. मी तुझा हात धरीन, मला तू सांग." आणि पंचांग कपाटात ठेवायला उठल्या.